एका बशीत चौघे



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय आमच्यावर सोपवला, तेव्हा त्यांना मजुरी, बोनस किंवा संप यांपैकी काहीतरी अपेक्षित असावे. आम्ही हॉटेल निवडले. गल्लीतले हॉटेल; जिथे चार मित्र दोन बशा मागवतात आणि त्या चौघांत फिरवतात, ते. हे ऐकून काही मंडळी हसली. हसोत. आमची शाळा सातवीत सुटली आणि पुढचे शिक्षण अशाच बाकावर झाले. तिथे वर्तमानपत्र एकच येई. पाने सुटी करून चौघे वाचत, आणि ज्याचे पान वाचून होईल त्याने त्यातला मजकूर बाकीच्यांना सांगायचा, असा दंडक होता.

प्रथम बशीत काय असते ते पाहू. आपल्याकडचा सुशीला घ्या. मुरमुरे भिजवायचे, पिळायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायचे, वर डाळ्याचे कूट. भट्टीला लाकूडफाटा फार लागत नाही, वेळही लागत नाही. यात कल्पकता कुणाची, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. परंतु गरिबाच्या हातची आहे, एवढे आम्ही पैजेवर सांगू. त्यावर मिरचीचे भजे कुस्करून खाण्याची युक्ती आम्ही लातूरला गंजगोलाईजवळच्या एका बाकावर हमालांकडून शिकलो. गोलाईतून सोळा रस्ते फुटतात, आणि प्रत्येक रस्त्यावरचा माणूस भज्याच्या घाण्याशी येऊन थांबतो. निलंग्याचा पिवळा भात आता गाड्यांवरून दूरदूर गेला आहे. इकडे नांदेडला हैदराबादी पद्धतीची चौकोनी लुखमी आणि दाट दुधाचा चहा, शेजारी तेलुगू मुलखाची इडली. 1956 पर्यंत आपण हैदराबाद राज्यात होतो, ही गोष्ट शाळेतली मुले विसरली तरी आपली जीभ विसरलेली नाही. एका टेबलावर तीन भाषांचे चार माणसे बसतात आणि कुणाच्या बशीतला घास कुणाचा, हे शेवटी कुणालाच सांगता येत नाही.

परंतु मित्रहो, ही बशी अशी सहज फिरू लागलेली नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पागेतले सेवक गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मार बसला. महाराजांनी त्यांना चहाचे हॉटेल काढायला मदत केली. ‘सत्यसुधारक’ हे त्याचे नाव. त्या काळी अस्पृश्याच्या हातचा चहा कोण घेणार? महाराज स्वतः गाडी थांबवून तो चहा घेत, आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही घ्यावा लागे. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट. मोठमोठ्या ठरावांपेक्षा तो एक कप आम्हांला अधिक वजनदार वाटतो.

पुढे घटनेने सार्वजनिक उपाहारगृहे सर्वांना खुली केली, आणि 1955 साली अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा झाला. 1976 पासून तो नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. हा कायदा जरूर वाचा. त्यात हॉटेलातल्या भांड्यांचा स्पष्ट उल्लेख आहे! जागा दिली, पण कपबशी वेगळी ठेवली, तर तो गुन्हाच. कायदा करणाऱ्यांना आपला समाज पुरता ठाऊक होता. तरीही 1978 साली नामांतराच्या प्रश्नावर मराठवाडा पेटला आणि आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना जाळून मारण्यात आले. आम्ही तेव्हा लहान होतो. मोठे झाल्यावर युनियनच्या कामासाठी खेड्यात गेलो की आम्ही आधी हॉटेलच्या फळीकडे पाहत असू. सगळे कप एकाच रांगेत आहेत, की एखादा कोपऱ्यात खिळ्याला टांगलेला आहे? गावाची सारी माहिती तिथेच मिळे.

म्हणून चार जणांनी एका बशीत हात घालणे ही आमच्या दृष्टीने केवळ चैन नव्हे. उस्मानशाही गिरणी बंद पडली, तेव्हा कामगारांच्या बैठकीच्या जागा गेल्या, पण हॉटेलचा बाक राहिला. खिशात काही नसलेला माणूसही तिथे बसू शके. वाटून खाण्यात उपकार कुणाचा, हे कळत नाही, आणि तीच त्यातली गंमत आहे. बिलाबाबत मात्र आमचे मत कडक आहे: जो रोज म्हणतो ‘मी देतो’, तो हळूहळू पुढारी होऊन बसतो. पैसे सर्वांनी काढावेत. ज्याच्याकडे नाहीत त्याचे नाव कुणी काढू नये.

आता बशी धुणाऱ्याविषयी. 1957 साली कॉफी बोर्डाची कॉफीगृहे बंद होऊ लागली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवली. पुण्यात हमाल पंचायतीने 1974 साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. म्हणजे वाढणारा आणि खाणारा एकाच कष्टाचे असू शकतात. आमच्या गल्लीत काय असते? ‘ए बारक्या!’ म्हणून हाक मारायची, फडका मारून घ्यायचा. चौदा वर्षांखालच्या मुलाला हॉटेलात कामाला ठेवण्यास 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे. तरी तुमच्या ओळखीच्या हॉटेलात मोरीशी कोण बसलेले असते, ते उद्या जाऊन पाहा. मैत्रीच्या गप्पा मारताना तिकडे पाठ करून बसण्याची आपल्याला सवय झाली आहे.

आणि बायका? लातूरच्या डाळ मिलमध्ये धान्य निवडणाऱ्या बाया दुपारी भिंतीच्या सावलीत गाठोडी सोडतात. एकीचा ठेचा, दुसरीची शेंगदाण्याची चटणी, तिसरीच्या धपाट्याचा तुकडा. हॉटेलातल्या आमच्या बशीहून ही पंगत फार जुनी. परंतु समोरच्या हॉटेलात त्यांच्यासाठी पडदा लावलेली ‘फॅमिली रूम’ असते, आणि तीही पुरुष बरोबर असेल तरच. मागच्या उन्हाळ्यात सभा संपल्यावर सात जणी सरळ बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. गल्ल्यावरच्या माणसाने आत जागा असल्याचे दोनदा सांगितले. त्यांनी तीन सुशीला, दोन भजी आणि चार चहा सात जणींत मागवले. बशा फिरल्या. पैसे मोजून झाल्यावर त्यांतल्या एकीने भांडी धुणाऱ्या पोराला बोलावून राहिलेली दोन भजी त्याच्या हातावर ठेवली आणि त्याला विचारले, ‘कोणत्या गावचा रे तू? शाळेत जातोस का?’