कवळीखालचे बिऱ्हाड
(उत्सवातील व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मी रेल्वेचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील आज वृद्धाश्रमात आहेत. म्हणून त्यांच्या तोंडात घर करणाऱ्या एका बुरशीविषयी चार शब्द बोलतो.

तिचे नाव कॅन्डिडा. पाव फुगवणाऱ्या यीस्टच्याच जातकुळीतली. कितीतरी निरोगी माणसांच्या तोंडात ती निमूटपणे राहत असते. लाळ आणि इतर जंतू तिला आवरून धरतात. म्हातारपणी मात्र गोळ्यांमुळे तोंड कोरडे पडते, मधुमेह असतो, अँटिबायोटिकचे डोस होतात, दम्याचा स्टेरॉइड पंप असतो आणि कवळी असते. मग पाहुणी घरमालकीण होते!

कवळी ॲक्रिलिकची. वरून गुळगुळीत दिसली तरी तिला बारीक छिद्रे असतात. डब्यातील पाण्याच्या टाकीला आतून बुळबुळीत थर धरतो, तो नुसते पाणी सोडून जात नाही, घासावाच लागतो. कवळीचेही तसेच. नुसती खळखळून भागत नाही. औषध लावले आणि कवळी मळकीच ठेवली, तर बुरशी पुन्हा येते.

कधी पांढरे डाग दिसतात, कधी ओठांचे कोपरे चिरतात, तर कधी कवळीखालचा टाळू नुसता लाल होतो आणि दुखतही नाही. म्हणून विचारून भागत नाही, पाहावे लागते. जळजळ झाली, चव गेली, की आजी ताट सरकवते आणि आपण म्हणतो, "हट्टी झाली आहे." त्यात सेविकेला मराठी येत नाही आणि आजीला कन्नड. आजीला एवढे तरी शिकवा : "बायि उरियुत्ते", म्हणजे तोंड जळजळते.

तोंडाच्या स्वच्छतेचे मोल केवढे? जपानमधील ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षे पाहणी झाली. ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. जिथे सेवक जेवणानंतर नियमाने दात व तोंड स्वच्छ करीत, तिथे शंभरातील सुमारे ११ जणांना न्यूमोनिया झाला. इतरांमध्ये हे प्रमाण १९ होते. न्यूमोनिया मुख्यतः जिवाणूंमुळे होतो, हे खरे. पण मळक्या कवळीवर दोघेही एकत्र नांदतात. जपानमध्येच २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, पंच्याऐंशीच्या पुढील जे लोक कवळी घालूनच झोपत, त्यांना न्यूमोनियाचा धोका सुमारे दुप्पट आढळला.

रेल्वेत गाडी बंद पडण्याची वाट पाहत नाहीत. ठरलेल्या दिवशी ती पिट लाइनवर घेतात. तेच इथे करायचे :

१. रात्री कवळी काढून, साबण व मऊ ब्रशने घासून, स्वच्छ पाण्यात ठेवावी. उकळते पाणी नको, ती वाकते.
२. टाळू, जीभ व हिरड्या रोज पुसाव्यात.
३. पंप घेतल्यावर चूळ भरावी.
४. डब्यावर नाव लिहावे, म्हणजे अदलाबदल होत नाही.
५. लाली वा डाग दिसल्यास दंतवैद्यांना दाखवावे. मनाने औषध नको.

येत्या रविवारी भेटायला जाताना मोदक अवश्य न्या. पण देण्याआधी आईला म्हणा, "आई, जरा आ कर, तोंड बघू." लहानपणी ती आपल्याला हेच म्हणत होती.

गणपती बाप्पा मोरया!