घरचा ‘आठ’

जुन्नरहून घाटघरकडे गेलात, की जीवधन किल्ला दिसतो आणि त्याच्या कड्याशेजारी उभा असलेला तीनशे फुटांहून उंच सुळका, वानरलिंगी. त्यालाच ‘खडा पारशी’ही म्हणतात. आमच्या वयाच्या डोंगरवेड्यांची झोप त्याने उडवली होती.

चढायची हौस दांडगी, पण उतरायला साधन नव्हतं. दोर पायांमधून घ्यायचा, मांडीला वळसा देऊन छातीवरून खांद्यावर टाकायचा आणि पाठीमागून हातात धरायचा. जर्मन गिर्यारोहक हान्स ड्युल्फर यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. ते १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात मारले गेले. यात सगळं घर्षण अंगाशी. विजार फाटायची, मान भाजायची.

‘आठ’ म्हणजे आठच्या इंग्रजी आकड्यासारखी धातूची दुहेरी कडी. दोर तिच्याभोवती फिरतो, घर्षण धातूवर येतं. परदेशी ‘आठ’ खिशाला परवडेना. म्हणून गावातल्या एका वर्कशॉपमध्ये लोखंडी सळई वाकवून, वेल्डिंग करून घेतली. कडा कानशीने घासल्या. आंब्याच्या फांदीला तो ‘आठ’ टांगून आम्ही दोघं लोंबकळलो. झाली चाचणी!

आठ-दहा वेळा तो वापरला. मग एकदा जीवधनच्या कड्यावर धाकट्या मित्राच्या कमरेला अडकवताना त्याने त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, “दादा, इथं नख अडकतंय.” जोडावर केसाएवढी चीर होती. माझ्या घशाला कोरड पडली. त्या दिवशी आम्ही दोघंही दोर अंगाभोवती घेऊनच उतरलो.

दोष वेल्डिंग करणाऱ्याचा नव्हता. या कडीवर माणूस लटकणार आहे, हे आम्ही त्याला सांगितलंच नव्हतं! शिवाय स्थिर ओझं वेगळं आणि झटका वेगळा. माणूस घसरून अचानक थांबला, तर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. प्रमाणित कॅराबिनरवर, म्हणजे दोर अडकवायच्या कडीवर, ताकदीचा आकडा कोरलेला असतो. २० किलोन्यूटन म्हणजे सुमारे दोन टन. नमुने तुटेपर्यंत ताणून ती ताकद तपासलेली असते. आमच्या ‘आठा’वर काहीच कोरलेलं नव्हतं.

आता तो घोडेगावच्या घरी खुंटीला टांगला आहे. “आजोबा, हा वापरायचा का?” असं नातू विचारतो. मी काही बोलत नाही. त्याचं बोट धरतो आणि त्या चिरेवरून फिरवतो.