बर्फाखालची पाणबुडी



पाणबुडी हे मुळात लपण्याचे आणि घात करण्याचे साधन. विज्ञानाचा व्यवहार याच्या नेमका उलट : जे आढळले ते उघड करावे आणि इतरांना तपासू द्यावे. या दोहोंची सांगड कशी पडली, हे आर्क्टिक महासागराच्या संशोधनात चांगले दिसून येते.

पहिला प्रयत्न १९३१ मधला. ऑस्ट्रेलियन संशोधक ह्यूबर्ट विल्किन्स यांनी अमेरिकी नौदलाने सेवेतून काढलेली ओ-१२ ही पाणबुडी मिळविली, तिचे नाव 'नॉटिलस' ठेवले आणि बर्फाखालून उत्तर ध्रुवाकडे जाण्याचा बेत आखला. शास्त्रीय कामाची धुरा नॉर्वेचे सागरशास्त्रज्ञ हाराल्ड स्वेरड्रुप यांच्याकडे होती. बोट जुनी, वाटेत यंत्रे बिघडली. बर्फापाशी पोचल्यावर तर बुडी घेण्यास लागणारी मागची आडवी सुकाणूच नाहीशी झालेली आढळली. तरीही विल्किन्स यांनी ती बर्फाखाली शिरविली. ध्रुव दूरच राहिला, पण सागराची काही मोजमापे हाती आली.

पुढे अणुशक्तीमुळे हवेसाठी वारंवार वर येण्याची गरज उरली नाही. ३ ऑगस्ट १९५८ रोजी त्याच नावाची अणुपाणबुडी बर्फाखालून ध्रुवावर पोचली. विल्किन्स त्याच वर्षी वारले; मार्च १९५९ मध्ये 'स्केट' या पाणबुडीने ध्रुवावर वर येऊन त्यांची रक्षा तेथे विसर्जित केली.

या बोटींना डोक्यावरच्या बर्फाचे भान ठेवणे प्राप्तच होते. त्यासाठी ध्वनी वर सोडावयाचा, प्रतिध्वनी परत येण्यास लागलेल्या वेळावरून बर्फाचा तळ किती दूर आहे ते काढावयाचे आणि बोटीच्या खोलीतून ते अंतर वजा करावयाचे. उरते ती बर्फाची पाण्याखालील जाडी. टक्कर टाळण्यासाठी केलेली ही मोजणी प्रत्येक सफरीत साठत गेली. परंतु बोट कधी, कोठे होती हेही तीवरून कळत असल्यामुळे ती कुलपात राहिली.

शीतयुद्ध संपल्यावर हे कुलूप उघडले. १९९३ मध्ये 'पार्गो' पाणबुडीतून नागरी शास्त्रज्ञांची चाचणी-सफर झाली. १९९५ ते १९९९ या काळात दरवर्षी अशी सफर निघाली. जुन्या नोंदींपैकी काही, स्थळ व दिनांक किंचित ढोबळ करून, खुल्या करण्यात आल्या. १९९९ मध्ये रॉथ्रॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ ते १९७६ च्या नोंदी १९९० नंतरच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. उन्हाळ्याच्या अखेरीस पाण्याखालील बर्फाची सरासरी जाडी ३.१ मीटरवरून १.८ मीटरवर आली होती. त्या काळचे उपग्रह बर्फाचा विस्तार दाखवीत. त्याची जाडी इतक्या मोठ्या प्रदेशावर दाखविणारी नोंद पाणबुड्यांचीच होती.

अर्थात युद्धनौका ही प्रथम नौदलाची. केवळ विज्ञानासाठीच्या त्या वार्षिक सफरी १९९९ नंतर थांबल्या. पुढे लष्करी फेरीतच जमेल तेवढा वेळ मोजमापांना मिळू लागला. यंत्र मिळाले की काम झाले, असे नाही. यंत्राने टिपलेले सर्वांना पाहावयास मिळाले, तेव्हाच वितळणाऱ्या बर्फाची वार्ता जगाला कळली.