शास्त्रज्ञावरील खटला आणि साथरोगांचे संशोधन



साथरोगांवर संशोधन करणाऱ्यास रोगजंतू हाताळावेच लागतात. त्याच्या चुकीची किंमत समाजाला मोजावी लागते. म्हणून त्याच्यावर कायद्याचा अंकुश असणे रास्तच आहे. परंतु प्रामाणिक चूक आणि गुन्हा यांतील सीमारेषा पुसट झाली, तर संशोधनाचेच नुकसान होते.

याचे पहिले मोठे उदाहरण मुंबईशी निगडित आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ पसरली, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळला आली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना ही लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशी आयोगाने बाटली उघडण्यापूर्वीच दूषित झाली होती असे मत दिल्याने दोष परळच्या प्रयोगशाळेकडे गेला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. वास्तविक बूच काढताना चिमटा जमिनीवर पडल्याची साक्ष आयोगापुढे झाली होती. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मधून ही बाजू मांडली, तेव्हा हाफकिन दोषमुक्त झाले. येथे फौजदारी खटला नव्हता. तरीही एका कुशल संशोधकाची उमेदीची वर्षे वाया गेली. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले.

शंभर वर्षांनी प्लेगचाच दुसरा संशोधक खरोखर न्यायालयात उभा राहिला. जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेतील टेक्सास टेक विद्यापीठाचे थॉमस बटलर यांनी प्लेगजंतूंच्या ३० कुप्या सापडत नसल्याचे कळविले. त्यांच्यावर ६९ आरोप ठेवण्यात आले. जंतूंशी संबंधित बहुतेक आरोपांतून पंचांनी त्यांना मुक्त केले. मात्र टांझानियाला विनापरवाना नमुने पाठविणे आणि संशोधन करारांतील आर्थिक गैरव्यवहार यांबद्दल २००४ मध्ये त्यांना दोन वर्षांचा तुरुंगवास झाला. नियमभंगाला शिक्षा हवीच. पण हरवलेल्या कुप्यांची माहिती देण्यातूनच खटला उभा राहतो असे दिसले, तर दुसरा संशोधक माहिती देण्यास कचरतो. नमुन्यांची देवाणघेवाण आटते, जुने संग्रह नष्ट केले जातात आणि तरुण अभ्यासक दुसरा विषय निवडतात.

भारतीय कायद्यात या समतोलाची बीजे आहेत. मुंबईच्या प्लेगमुळेच झालेल्या १८९७ च्या साथरोग अधिनियमातील कलम ४ सद्हेतूने केलेल्या कृतीस संरक्षण देते. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ठरविले, की डॉक्टरला फौजदारी दोषी धरण्यासाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असला पाहिजे. त्याच वर्षीच्या सर्वसंहारक शस्त्रांविषयीच्या अधिनियमाने जैविक शस्त्रांची निर्मिती गुन्हा ठरविली.

या तिन्हींतून एक सूत्र हाती येते. दुष्ट हेतू आणि घोर बेपर्वाई यांना कठोर शिक्षा असावी. अपघात कळविणाऱ्याची मात्र आधी तज्ज्ञांकडून चौकशी व्हावी. प्रयोगशाळेतील अपघात लपला, तर पुढची साथ रोखणे अधिक कठीण होते.