तंतुवाद्याची मान आणि यवतमाळची हवा

पावसाळा लागला कीं यवतमाळ, दारव्हा, पुसद येथील जुन्या घरांचीं सागवानी दारें चौकटींत अडूं लागतात. घायकुता गृहस्थ सुताराला बोलावतो, सुतार रंधा मारतो, दार सुरळीत लागूं लागतें. आणि उन्हाळा आला कीं त्याच दाराच्या कडेला पलीकडचा उजेड दिसेल एवढी फट पडते. दारांत दोष नव्हताच. लाकडानें आषाढांत हवेंतलें पाणी घेतलें होतें, तें चैत्रांत परत दिलें, इतकेंच. ज्या घरांत बेस गिटार शिकणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घराला हाच प्रकार निराळ्या रूपानें भेटतो. दिवाळींत नीट वाजणारें वाद्य मे महिन्यांत खरखरूं लागतें, नाहीं तर त्याच्या तारा इतक्या उंच जातात कीं त्या दाबतां दाबतां शिकणाऱ्याचें मनगट दुखून येतें. वाद्य बिघडलें असें ठरतें. कोणी कानस हातीं घेतो, कोणी तें अर्ध्या किमतीला विकून टाकतो, आणि पुष्कळदां त्याबरोबर शिकणेंहि सुटतें.

यवतमाळची हवा लाकडाची परीक्षा पाहणारी आहे. मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो व हवा अगदीं कोरडी असते. जून सरतांना तीच हवा ओलाव्यानें जड होते. त्यांत कूलरची भर. वाळ्याच्या ताट्यांचा काळ मागें पडला, तरी ओल्या वाऱ्यानें खोली गार करण्याची वऱ्हाडी रीत कायम आहे. कूलरची खोली भर उन्हाळ्यांत दमट, शेजारची खोली भट्टीसारखी कोरडी. आणि वाद्य दुपारीं एकींत व रात्रीं दुसरींत! या जिल्ह्याच्या रानांतला साग अशा हवेंतच लहानाचा मोठा होतो. गिटारची मान मात्र बहुधा मेपल नांवाच्या थंड मुलुखांतील लाकडाची असते आणि तिच्यावर पुष्कळदां शिसवीच्या जातीच्या लाकडाची पट्टी चिकटवलेली असते. दोन्ही लाकडें ओलावा सारख्या मापानें घेत नाहींत व सारख्या मापानें टाकीतहि नाहींत.

लाकडाच्या या स्वभावाला तारांच्या ताणाची जोड मिळते. बेस गिटार हें मंद्र स्वरांचें वाद्य; त्याची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारें ४१ कंपनें करते, आणि तारेचा मोकळा भाग साधारण ८६ सेंटिमीटर लांब असतो. उभ्यानें वाजवावयाच्या अवाढव्य डबल बेसऐवजीं गळ्यांत अडकवण्याजोगें व पडदे बसवलेलें विजेचें बेस वाद्य अमेरिकेंतील सिएटल येथें पॉल टुटमार्क यांनीं १९३६ च्या सुमारास केलें होतें. पण तें सर्वत्र रूढ झालें तें कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर यांनीं १९५१ सालीं आपलें वाद्य बाजारांत आणल्यावर. अशा वाद्याच्या चार तारा मिळून मानेवर पाऊणशे किलोच्या आगेमागे ओढ लावतात. एक धडधाकट माणूस त्या बारीक दांडीला रात्रंदिवस लोंबकळत आहे असें समजावें. दांडी धनुष्यासारखी पुढें वाकूं पाहते यांत नवल तें काय?

या ओढीला उत्तर म्हणून मानेच्या पोटांत एक लोखंडी सळई घातलेली असते. कारागीर तिला ट्रस रॉड म्हणतात. गिब्सन कंपनींतील थॅडियस मॅकह्यू यांना अशा फिरवतां येणाऱ्या सळईचें पेटंट १९२३ सालीं मिळालें. सळईच्या टोकाचा नट आवळला कीं मान तारांच्या ओढीविरुद्ध मागें सरते, सैल केला कीं पुढें येते. या योजनेची खरी किंमत आपल्याकडील तंबोऱ्याशेजारीं ती ठेवून पाहिली म्हणजे कळते.

मिरजेंत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब यांनीं सतारी व तंबोरे घडविण्यास आरंभ केला. घराणें शिकलगारांचें, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांचें. शस्त्रांचे दिवस सरल्यावर तेच हात वाद्यांकडे वळले. पुढें त्या गांवांत या धंद्याची गल्लीच उभी राहिली, आणि २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें. तेथील कारागिराचें सर्वांत नाजूक काम म्हणजे जवारी लावणें. तंबोऱ्याची घोडी रुंद असते व तिच्या पाठीला न दिसेल इतका उतार असतो. तार त्या उतारावर घासत राहते, तारेखालीं सुती दोरा सरकवून ती घासण्याची जागा ठरवितात, आणि त्यांतून तो गुंजारव उठतो. बेस गिटारवाला ज्या खरखरीला भितो, तिच्याच सख्ख्या बहिणीला तंबोरेवाला आमंत्रण देतो. पण जवारी लागते ती कानशीनें. घोडीचा जो कण उडाला तो पुन्हां येत नाहीं, म्हणून ते हात पिढ्यान् पिढ्या तयार व्हावे लागतात. बेस गिटारच्या बाबतींत पुष्कळसें काम स्क्रूचें आहे. स्क्रू फिरवला तसा उलटहि फिरवतां येतो. यवतमाळसारख्या गांवीं, जेथून नागपूर दीडशे किलोमीटरांवर व मिरज तर राज्याच्या दुसऱ्या टोकाला, ही सोय लहान नव्हे. कानशीला हात घालण्यापूर्वीं स्क्रूचें सर्व काम संपलें पाहिजे.

तें काम एका क्रमानेंच करावें लागतें. प्रथम तारा सुरांत मिळवाव्या. ढिल्या तारांवर घेतलेलें माप खोटें. मग एकच तार पहिल्या पडद्यावर आणि मान धडाला मिळते तेथील पडद्यावर एकाच वेळीं दाबून धरावी. ताणलेली तार म्हणजे आयती सरळ पट्टी. सातव्या-आठव्या पडद्याचा माथा आणि तार यांमध्यें किती अंतर उरतें तें पाहावें. खेळण्याचा एक पत्ता जेमतेम सरकेल, म्हणजे सुमारें ०.३ मिलिमीटर, एवढें अंतर योग्य. तार वाजते तेव्हां तिचा झोका लांबीच्या मधल्या भागांत मोठा असतो. त्या झोक्याला जागा हवी, म्हणून मान काठीसारखी सरळ नको, किंचित् खोलगट हवी. पत्ता मुळींच शिरत नसेल तर मान मागें गेली आहे; तीन पत्ते शिरत असतील तर ती पुढें वाकली आहे. कोरड्या हवेंत मान अमुकच बाजूला जाते असा सरसकट नियम सांगण्यांत अर्थ नाहीं. लाकूड कसें चिरलें आणि पट्टी कोणत्या जातीची, यांवर तें अवलंबून असतें. पंचांग पाहून किल्ली फिरवूं नये, पत्ता घालून पाहावा.

मान पुढें वाकली असेल तर सहापैलू किल्लीनें (दुकानांत तिला ॲलन की म्हणतात) नट घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें आवळावा. मागें गेली असेल तर उलट. एका वेळीं पाव फेरा, अधिक नाहीं. पुन्हां तारा मिळवाव्या, पुन्हां माप घ्यावें, आणि शक्य तर वाद्य रात्रभर तसेंच ठेवावें. लाकूड आपलें म्हणणें सावकाश सांगतें. नट बेताच्या जोरानें हलत नसेल तर तेथेंच थांबावें. चिकटवलेल्या मानेंत सळई तुटली तर दुरुस्तीचा खर्च नव्या मानेच्या घरांत जातो.

मान बसली कीं मगच घोडीकडे वळावें. येथें प्रत्येक तारेला स्वतंत्र छोटी घोडी व तिला उंचीचे बारीक स्क्रू असतात. सतराव्या पडद्याच्या माथ्यापासून जाड तार सुमारें २.४ आणि सर्वांत बारीक तार सुमारें २ मिलिमीटर असावी, हें माप आरंभास पुरे. ज्याचा हात जड त्याला याहून थोडी अधिक उंची लागेल. तारा जितक्या खालीं तितकें वाद्य उत्तम, ही समजूत शिकणाऱ्यांत फार आहे आणि ती टाकून द्यावी. अति खालीं आणलेली तार पडद्यांवर आपटून स्वराचा गोलपणा घालवते.

खरखर कोठें होते तेंहि ऐकावें. पहिल्या तीन-चार पडद्यांतच असेल तर मानेला खोलगटपणा कमी आहे. बाराव्याच्या पलीकडे असेल तर घोडी खालीं गेली आहे. एकाच पडद्यावर होत असेल तर पडदा उचलला आहे, आणि तें काम कारागिराचें. पिळवटलेली मान व माथ्याकडील पट्टीच्या खाचा हींहि कामें त्याचींच, कारण तेथें पुन्हां कानस येते. उन्हाळ्यांत पडद्यांचीं टोकें मानेच्या कडेला बोटाला टोचूं लागलीं तर पट्टी आक्रसली आहे असें समजावें. आधीं वाद्याची जागा बदलावी. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला तें टेकवूं नये व कूलरच्या तोंडाशींहि ठेवूं नये. आंतल्या भिंतीवरचें लाकडी कपाट बरें.

सर्वांच्या शेवटीं स्वरांची तपासणी. बाराव्या पडद्यावर तार हलकेच स्पर्शून निघणारा स्वर आणि तेथेंच दाबून निघणारा स्वर एक असावे. दाबलेला स्वर चढा येत असेल तर घोडी मागें सरकवून तार लांब करावी, उतरलेला असेल तर पुढें घ्यावी. अक्षय्य तृतीया, नागपंचमी आणि दसरा या सुमारास, म्हणजे हवा पालटून स्थिरावल्यावर, हीं मापें घेऊन किल्ली किती व कोणत्या बाजूला फिरवली हें एका वहींत तारखेसह टिपून ठेवावें. दोन वर्षांच्या नोंदींवरून त्या एका वाद्याची यवतमाळांतली चाल ध्यानांत येते.