बी टाकण्याआधी जागा ठरवा: शिंदीचा पाम बीपासून वाढवताना

आजचा विषय आहे पाम. तोही बीपासून वाढवायचा, आणि तोही आपला देशी: शिंदी.

पाम म्हटलं की आपल्याला ऑफिसच्या लॉबीतला अरेका आठवतो. पण शिंदी तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. ओढ्याच्या काठाला किंवा शेताच्या बांधावर उभं असलेलं, खरबरीत खोडाचं, डोक्यावर गोल झुबका असलेलं झाड. सुगरण पक्ष्यांची घरटी लटकलेली असतात ना, तेच. लक्ष्मीपूजनाला आपण जिला हळदकुंकू वाहतो ती केरसुणी हिच्या पानांची. सकाळी स्टॉलवर मिळणारी नीराही बरेचदा हिचीच. शास्त्रीय नाव फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस, म्हणजे खजुराची सख्खी बहीण. तिकडे फ्लोरिडात लोक हिला 'सिल्व्हेस्टर पाम' म्हणून शोभेसाठी लावतात, आणि आपण बांधावर तिच्याकडे बघतही नाही.

झाड एकदम काटक. ऊन, दुष्काळ, हलकी जमीन, थोडीफार थंडी, सगळं सोसतं. प्रश्न झाडाचा नाहीये, आपल्या धीराचा आहे.

आधी बी. फळं साधारण पावसाच्या तोंडावर पिकतात, नारिंगी-पिवळ्या रंगाची, मोठ्या बोराएवढी. पिकून खाली पडलेली घ्या. गर पूर्ण काढा, नाहीतर बुरशी येते. मग बिया दोन दिवस पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला. शिंदीची फळं नाही मिळाली तर किराणा दुकानातल्या खजुराच्या बियांवर हात बसवा, पद्धत तीच. फक्त खजूर शिजवलेला किंवा प्रक्रिया केलेला नको.

आता एक झिपवाली पिशवी घ्या. त्यात ओलसर कोकोपीट. ओलसर म्हणजे मुठीत दाबलं तर पाणी गळायला नको. बिया त्यात ठेवून पिशवी उबदार जागी ठेवा. २५ ते ३५ अंश तापमान यांना आवडतं, म्हणजे आपल्याकडे वेगळा हीटर वगैरे काही लागत नाही. एक ते तीन महिने लागू शकतात. रोज उकरून बघू नका, प्लीज!

गंमत पुढे आहे. बीला एका बाजूला लांब खाच असते. आपल्याला वाटतं कोंब तिथून येणार. नाही. खाचेच्या पाठीमागे एक बारीक ठिपका असतो, तिथून पांढरं बोट बाहेर येतं आणि सरळ खाली जमिनीत जातं. खरं रोप बीपासून लांब, त्या बोटाच्या टोकाला तयार होतं. म्हणून कुंडी पसरट नको, उंच हवी. दुधाची पिशवी नाही चालणार, एक फूट खोल काहीतरी बघा. तळाला भोकं, मातीत निम्मी वाळू. आणि रोपाला चिकटलेली बी तोडू नका, सुरुवातीचं जेवण तिथूनच येतं.

पहिलं पान बघून बरेच जण हिरमुसतात. गवताच्या पात्यासारखं एकच लांब पान. पुढची पानंही तशीच. पिसासारखी चिरलेली पानं यायला बरेचदा वर्ष-दोन वर्षं जातात.

मग खोड कधी? इथे पामचं इंजिनिअरिंग समजून घेऊया. आंबा किंवा वड आधी उंच होतो आणि दरवर्षी जाड होत जातो. पामच्या खोडात जाडी वाढवणारा तसा थरच नसतो. त्यामुळे पाम आधी जमिनीलगत बुंध्याची पूर्ण रुंदी तयार करतो आणि नंतरच वर निघतो. ही सुरुवातीची कित्येक वर्षं वरून बघणाऱ्याला वाटतं, झाड अडकलंय. अडकलेलं नसतं, पाया चाललेला असतो. लोक नेमके याच काळात कंटाळून रोप फेकून देतात.

दुसरी गोष्ट: पामला वाढीचा कोंब एकच, शेंड्यात. आमच्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर, बॅकअप नाही. शेंडा गेला की त्या खोडाचं काम संपलं. म्हणून छाटणी म्हणजे फक्त पूर्ण वाळलेली पानं काढणं. हिरवी पानं "नीट दिसावं" म्हणून कापू नका. ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो आणि त्याची अळी आतून खोड पोखरते. गेंड्या भुंगा तर थेट शेंड्यातच घुसतो. शेंड्यात भोक किंवा चोथा दिसला की लगेच लक्ष द्या.

बाकी काळजी सोपी. भरपूर ऊन. पहिली दोन वर्षं माती सुकली की पाणी, पण साचू द्यायचं नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला मूठभर शेणखत.

आता खरा प्रश्न. आपल्यातले बहुतेक जण ११ महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर राहतात. आणि ही शिंदी मोठी झाली की १० मीटरच्या पुढे जाते, एकेक पान ३ मीटरपर्यंत, आणि देठाजवळच्या पात्यांचे कडक काटे होतात. बाल्कनीत हे मावणार नाही. मुलं खेळतात त्या वाटेवरही नको. म्हणून बी टाकण्याआधी जागा ठरवा. गावचा बांध, मामाचं शेत, शाळेच्या कुंपणाचा कोपरा, सोसायटीची मागची बाजू. तिथल्या माणसाला आधी विचारून ठेवा. तीन-चार वर्षं कुंडीत सांभाळायचं आणि पहिल्या दोन दमदार पावसांनंतर तिथे लावायचं. नर-मादी झाडं वेगळी असतात आणि फुलल्याशिवाय कळत नाही, म्हणून जमलं तर चार-पाच रोपं लावा.

"एवढं कशाला, तयार मोठं झाड विकत मिळतं की!" मिळतं. पण विकणाऱ्याला एक प्रश्न विचारा: हे कुठून आणलं? ते एखाद्या बांधावरून उपटलेलं असेल, तर आपल्या गेटची शोभा म्हणजे कुणाच्या तरी केरसुणीची पानं आणि सुगरणीची जागा. बीपासून वाढवलेल्या झाडात हा हिशोब येत नाही. एक झाड जास्तीचं होतं, एवढंच.

तुमच्याकडे शिंदीच्या फळांना काय म्हणतात, आणि जागा कुठली ठरवलीत, कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत पिशवी उकरू नका!