दहा रुपयांचे मतदार : एका नव्या विद्यापीठाची नियमावली



विद्यापीठाच्या नियमावलीवर व्याख्यान आहे म्हटल्यावर निम्मी सभा मनातल्या मनात घरी जाते, याची मला कल्पना आहे. तरीही हा विषय मी मागून घेतला. विद्यापीठाची इमारत कोणी बांधली हे कोनशिलेवर वाचता येते. आत कोणाला घ्यायचे, कोणत्या भाषेत शिकवायचे आणि कारभार कोणी पाहायचा हे नियमांच्या पुस्तकात असते, आणि ते पुस्तक कोणी उघडत नाही. मराठी भाषेचे स्वतंत्र विद्यापीठ आता रिद्धपूरला उभे राहते आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या तुम्हा-आम्हाला त्यात जागा असावी असे वाटत असेल, तर ते पुस्तक नवे असतानाच बोलायला हवे. म्हणून आज शंभर वर्षांपूर्वीच्या एका नियमावलीकडे पाहू.

तुम्ही विचाराल, होमिओपॅथीच्या डॉक्टरला यातले काय कळते? एक गोष्ट कळते, ती म्हणजे शिक्का. होमिओपॅथीचा केंद्रीय कायदा १९७३ साली झाला आणि बी.एच.एम.एस. या पदवीचे देशभर लागू होणारे नियम १९८३ साली आले. त्याआधी आमच्या शास्त्रात पदविका होत्या, खासगी संस्थांची प्रमाणपत्रे होती आणि पोस्टाने अभ्यास करून दवाखाना उघडलेली माणसेही होती. त्यातली काही अतिशय हुशार होती. पण त्यांच्या भिंतीवरच्या कागदाकडे बघून लोक विचारत, ‘हे सरकारमान्य आहे का?’ हा प्रश्न माणसाला किती लहान करतो ते मी जवळून पाहिले आहे. आणि हाच प्रश्न एका अख्ख्या विद्यापीठाला पस्तीस वर्षे विचारला गेला. ते विद्यापीठ म्हणजे धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली काढलेले महिला विद्यापीठ.

कर्वे फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक होते आणि १९१४ साली निवृत्त झाले. त्यापूर्वीच १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला होता आणि पुढे तो पुण्याबाहेर हिंगण्याला नेला होता. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांना बनारसच्या शिवप्रसाद गुप्त यांनी पाठवली. ती काही दिवस तशीच पडून राहिली. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईला भरणाऱ्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, भाषणाची तयारी सुरू झाली, तेव्हा त्यांनी ती नीट वाचली आणि परिषदेत महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. पुढच्या जूनमध्ये सिनेटची पहिली सभा भरलीसुद्धा. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी या गृहस्थांनी सहा महिन्यांत विद्यापीठ उभे केले. आपल्याकडे सहा महिन्यांत स्मरणिकेच्या जाहिराती गोळा होत नाहीत!

आता नियमांकडे वळू. पहिला प्रश्न कारभाराचा. मागे सरकार नव्हते आणि संस्थानिकही नव्हता; मग सिनेटवर माणसे नेमणार कोण? कर्व्यांनी त्यासाठी मतदारसंघ तयार केला. पदवीधराने दरसाल पाच रुपये द्यायचे, पदवी नसलेल्याने दहा रुपये, आणि या वर्गणीदारांनी सिनेट निवडायची. ही योजना मला फार शहाणपणाची वाटते. विद्यापीठाला पैसा आणि पाठीराखा एकाच माणसात मिळाला. दहा रुपये देणारा मास्तर किंवा कारकून पुढच्या वर्षी हिशेब विचारणार, आणि आपल्या भाचीला तिथे पाठवावे का, याचाही विचार करणार. कुलपतिपद रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी घेतले आणि कुलगुरुपद रँग्लर परांजप्यांनी. दोघेही ज्या इंग्रजी विद्यापीठीय शिक्षणातून वर आले होते, त्याहून वेगळ्या वाटेच्या विद्यापीठाला त्यांनी आपले नाव दिले.

दुसरा प्रश्न माध्यमाचा. मुंबई विद्यापीठात तेव्हा सगळे शिक्षण इंग्रजीतून चाले. वरच्या परीक्षांत मराठीला नुसता विषय म्हणून जागा मिळावी यासाठी न्यायमूर्ती रानड्यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट करावी लागली होती. कर्व्यांनी नियम केला की शिकवायचे आणि परीक्षा घ्यायची ती मुलीच्या मातृभाषेत, आणि इंग्रजी हा विषय सक्तीचा. गांधीजींना मातृभाषेचा भाग पूर्ण पसंत होता. इंग्रजी मात्र ऐच्छिक असावी असे त्यांचे मत होते. कर्व्यांनी ते ऐकून घेतले आणि आपला नियम बदलला नाही. मतभेद ठेवून गांधीजींनी दरसाल दहा रुपयांची वर्गणी कबूल केली. या वादात मी कर्व्यांच्या बाजूचा आहे. आपल्या घरांमधला अनुभव तोच सांगतो. विचार आपल्या भाषेत पक्का झाला की इंग्रजी शिकता येते. इंग्रजी मुळीच नसली तर पोरीच्या पुढच्या वाटा बंद होतात.

मातृभाषा म्हणजे एकटी मराठी नव्हे, हेही त्या नियमात होते. अहमदाबाद आणि बडोद्याला विद्यापीठाशी जोडलेल्या महिला पाठशाळांमध्ये गुजराती चाले. हैदराबादच्या मंडळींना इथे उस्मानिया आठवेल. ते विद्यापीठ १९१८ चे, म्हणजे दोनच वर्षांनी धाकटे, आणि तेही इंग्रजी सोडून देशी भाषेत शिकवणारे. पण मागे निजामाचा खजिना होता आणि पुस्तके उर्दूत आणण्यासाठी भाषांतराचे खास खाते होते. भाषाही राज्याने ठरवलेली होती. मराठवाड्याच्या विद्यार्थ्याला इंग्रजीऐवजी उर्दू मिळाली, मराठी नाही. कर्व्यांकडे भाषांतराचे खाते नव्हते. शिक्षक वर्गात इंग्रजी पुस्तकातून मराठीत सांगत आणि मुली उतरवून घेत. त्याचा त्रास झालाच असणार. पण भाषा मुलीच्या घरची होती.

माध्यमाबद्दल माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. आमचे आद्य आचार्य हॅनिमन यांनी ‘ऑर्गेनॉन’ या ग्रंथात सांगून ठेवले आहे की रोग्याची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी. आम्ही शिकलो ते इंग्रजीतून. दवाखान्यात बसल्यावर बाई सांगते, ‘डॉक्टर, ठणका नाही हो, नुसती रग लागते.’ दुसरी सांगते, ‘कळ येते, पण चमक नाही.’ ठणका, रग, कळ, चमक, आग, मुरडा या प्रत्येक शब्दाला आमच्याकडे वेगळे औषध निघू शकते. इंग्रजी पुस्तकात हे शब्द शोधायला मला पहिली पाच-सहा वर्षे लागली. बेळगावकडचा पेशंट तर वाक्य मराठीत सुरू करतो आणि दुखणे कन्नडमध्ये सांगतो. तेही तसेच लिहून घ्यावे लागते. कर्व्यांच्या अभ्यासक्रमात आरोग्यशास्त्र, शरीरशास्त्र, गृहव्यवस्था आणि बालमानस हे विषय होते, आणि ते मातृभाषेतून होते. ‘बायकांना स्वयंपाकाची पदवी’ म्हणून तेव्हा टवाळी होई. ज्या काळात बाळंतपणात बाया जात होत्या आणि पोरे दगावत होती, त्या काळात घरातल्या बाईला शरीर कसे चालते हे तिच्या भाषेत शिकवणे याला मी डॉक्टर म्हणून हसू शकत नाही.

आणि तिसरा नियम, जो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो : कॉलेजात न येता, घरी अभ्यास करून परीक्षेला बसण्याची मुभा. लग्न झालेली, सासरी असलेली, परगावची बाई हिंगण्याला येऊन राहू शकणार नाही हे कर्व्यांनी धरूनच चालले होते. विद्यार्थिनी किती? हिंगण्याचे कॉलेज सुरू झाले तेव्हा अवघ्या पाच. पाच मुलींसाठी सिनेट, कुलगुरू आणि नियमावली! पण नियम त्या पाचजणींपुरते लिहिलेले नव्हते. जी अजून दारात आलेली नव्हती, जिला घरचे सोडणार होते की नाही हे कोणालाच माहीत नव्हते, तिची सोय आधी लिहून ठेवलेली होती.

पदव्यांची नावेही वेगळी होती. जी.ए. म्हणजे ‘गृहीतागमा’, जिने विद्या ग्रहण केली ती. आणि त्यापुढची पी.ए. म्हणजे ‘प्रदेयागमा’. इंग्रजी आद्याक्षरे जुळावीत अशी संस्कृत नावे शोधणाऱ्याची गंमत वाटते. पण बी.ए. म्हणायची सोय नव्हती. सरकारने विद्यापीठ मानलेच नव्हते.

मान्यता नसण्याचा अर्थ आज पटकन ध्यानात येत नाही. ही पदवी दाखवून सरकारी नोकरी मागता येत नव्हती. मुंबई विद्यापीठाच्या लेखी ती मुलगी शिकलेलीच नव्हती. बापाने विचारले की ‘एवढे शिकून उपयोग काय?’ तर प्रामाणिक उत्तर हेच होते की मुलींच्या शाळेत शिक्षिका होशील, तीही आपल्याच जोडलेल्या शाळेत. हे ठाऊक असून ज्यांनी मुली पाठवल्या त्यांचे मला नवल वाटते, आणि ज्यांनी नाही पाठवल्या त्यांना मी दोष देत नाही. वर्गणीदार टिकले म्हणून ते विद्यापीठ टिकले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली, साडेतीन टक्क्यांनी वर्षाला साडेबावन्न हजार रुपये व्याज येईल अशी, आणि त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव विद्यापीठाला लागले. तेच आपले एस.एन.डी.टी. मोठ्या देणगीबरोबर अटी येतात तशा इथेही आल्या, आणि पुढे विश्वस्तांशी तंटाही झाला. विद्यापीठाचे मुख्य ठाणे १९३६ साली मुंबईला गेले. दहा-दहा रुपयांच्या मतदारांचा काळ तिथे मागे पडला असे मला वाटते. कर्वे मात्र सत्तरी ओलांडल्यावर युरोप, अमेरिका आणि आफ्रिका हिंडून वर्गणी गोळा करत होते.

मुंबई राज्याने १९४९ साली विद्यापीठांचे कायदे भराभर केले. पुण्याचे, गुजरातचे आणि धारवाडला गेलेले कर्नाटक विद्यापीठ त्या सुमाराचे. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठही त्याच वर्षीचे. एस.एन.डी.टी.चा कायदा याच साली झाला आणि १९५१ पासून ते कायद्याने विद्यापीठ ठरले. शिक्का मिळाला तेव्हा कर्वे त्र्याण्णव वर्षांचे होते.

आता आपल्याकडे येऊ. मराठी भाषा विद्यापीठाचा कायदा महाराष्ट्राने २०२३ साली केला. जागा निवडली ती अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर, गोविंदप्रभूंचे आणि महानुभावांचे गाव, जिथे म्हाइंभटांनी लीळाचरित्राचे काम केले असे परंपरा सांगते. जागा योग्यच आहे. आणि मागे सरकार असल्याने शिक्क्याचा प्रश्न पहिल्या दिवसापासून सुटलेला आहे. म्हणूनच कर्व्यांचा दुसरा प्रश्न विचारायला आता सवड आहे : जी दारात आलेली नाही तिची सोय कुठे लिहिली आहे?

आपली मुले ती आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणीची मुले. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबादची मुले, जी घरी मराठी बोलतात आणि जेमतेम वाचतात. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो चालू राहील. मुले मात्र दर जूनला पुढच्या इयत्तेत जातात. यातला कोणी इंजिनिअर होईल, कोणी दुकान सांभाळेल. तो रिद्धपूरला जाऊन राहणार नाही. त्याला घरी अभ्यास करून, आपल्या गावच्या केंद्रावर बसून मराठीची परीक्षा देता आली पाहिजे. पदवी नको असेल तर एक वर्षाचे प्रमाणपत्र मिळावे; मराठी वाचता येते, लिहिता येते, जुनी मोडी कागदपत्रे उलगडता येतात, एवढे सांगणारे. आपल्या कितीतरी घरांत आजोबांच्या ट्रंकेत मोडीचे कागद आहेत आणि वाचणारा कोणी उरलेला नाही. शिवाय विद्यापीठाच्या अधिकार मंडळांवर महाराष्ट्राबाहेरच्या मराठी संस्थांनी निवडलेली माणसे असावीत. निवडलेली म्हणतो, नेमलेली माणसे समारंभापुरती येतात. आणि डॉक्टर म्हणून माझी स्वतःची एक मागणी आहे : दुखण्याखुपण्याचे आपल्या गावोगावचे शब्द कोणीतरी गोळा करावेत. ते आमच्या केसपेपरांवर आहेत, आणि आमच्याबरोबर जातील.

या मागणीबरोबर आपण काय देणार, हेही लिहायला हवे. कर्व्यांच्या मतदाराने आधी वर्गणी दिली आणि मग मत दिले. प्रत्येक संस्थेने आपल्या गावातल्या किमान पाच परीक्षार्थींची फी आणि पुस्तके पाच वर्षांसाठी उचलावीत आणि परीक्षेसाठी आपला हॉल द्यावा, असे मी सुचवतो. आपले व्याख्यानमालेचे हॉल वर्षातले बहुतेक दिवस रिकामेच असतात. अर्जाचा मसुदा मी केला आहे, त्याची प्रत कार्यवाहांकडे ठेवतो. आधी मुलांच्या आईबापांशी बोला, मग नावे लिहा. यादी जूनच्या आत तयार व्हावी.